ऑईल कमी न होता वाढलं, तर?

प्रश्न: माझ्याकडे २०२२ ची दीड लिटर डिझेल एसयूव्ही आहे, बीएस-६. राहायला कोथरूडला. रोज मुलीला शाळेत सोडणं-आणणं, एका वेळी चारेक किलोमीटर. संध्याकाळी कधी क्लास, कधी भाजी. दोन महिन्यांतून एकदा साताऱ्याला गावी जातो. मागच्या सर्व्हिसिंगला १४ महिने झाले, पण गाडी फक्त ६,८०० किलोमीटर चाललीय. मॅन्युअलमध्ये १०,००० लिहिलंय म्हणून मी थांबलेय. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, म्हणतात की डिझेल गाडीचं ऑईल पाच हजाराला बदललंच पाहिजे. जर्मनीत असलेला माझा भाऊ म्हणतो, तिकडे ३०,००० ला बदलतात, उगाच पैसे घालवू नकोस. मीटरवर सरासरी वेग १७ दिसतो. डीपीएफचा दिवा दोनदा लागून गेला. परवा आप्पांनी ऑईल मोजायची पट्टी काढून पाहिली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर होतं. ते खूश झाले, म्हणाले इंजिन थेंबभर ऑईल खात नाही. तर नेमकं किती किलोमीटरला बदलू? आणि कुठलं घालू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर:

ताई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत. पट्टीवर ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलंय. कोणी वरून ओतलेलं नाही आणि तरी ते वाढलंय, म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. तुमची गाडी आणि तुमचा रोजचा रस्ता पाहता ते डिझेल असणार. तेव्हा किती किलोमीटरला बदलायचं हे नंतर बोलू. आधी या आठवड्यात ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदलून घ्या. तोपर्यंत साताऱ्याचा बेत असेल तर पुढे ढकला.

आप्पांचा यात दोष नाही. त्यांच्या काळच्या गाड्यांत ऑईल एक तर तेवढंच राहायचं किंवा कमी व्हायचं. वाढायचं कारणच नव्हतं. हे दुखणं डीपीएफ आल्यापासूनचं आहे.

डीपीएफ म्हणजे धुराच्या वाटेवर बसवलेली जाळी. डिझेल जळताना जी बारीक काजळी होते ती या जाळीत अडकते, म्हणून नव्या डिझेल गाड्यांच्या मागून काळा धूर येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि घरच्या डिझेल गाड्यांना ही जाळी आली. अडकलेली काजळी कधीतरी जाळून टाकावी लागते, नाहीतर जाळी तुंबते. त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हायवेवर गाडी तासभर पळाली की धूर मुळातच गरम असतो आणि बरंचसं काम होऊन जातं. शहरात ती उष्णता मिळत नाही. मग गाडीचा संगणक एक युक्ती करतो. सिलिंडरमध्ये नेहमीचं डिझेल जळून झालं की उशिरा, पिस्टन खाली जात असताना, आणखी थोडं डिझेल फवारतो. ते धुराबरोबर पुढे जाऊन उष्णता वाढवतं आणि काजळी जळते. याला रीजनरेशन म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं रीजेन.

या उशिरा फवारलेल्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑईल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल असतं तर गरम ऑईलमधून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल उकळायलाच साधारण १८० अंशांच्या पुढे सुरुवात होते आणि ऑईल शंभरच्या आसपास असतं, त्यामुळे एकदा उतरलेलं डिझेल बहुतांशी तिथंच राहतं. रीजेन एका दमात पूर्ण झालं तर हा प्रकार थोडक्यात निभावतो. तुमच्याकडे काय होतं बघा. गाडीने रीजेन सुरू केलं, तेवढ्यात शाळा आली, गाडी बंद. दुपारी पुन्हा सुरू, कर्वे रोडच्या सिग्नलला दहा मिनिटं, घर आलं, बंद. प्रत्येक अर्धवट प्रयत्नाला थोडं डिझेल खाली, आणि काजळी होती तिथंच. डीपीएफचा दिवा दोनदा लागला तो यामुळेच.

हे मी माझ्या स्वतःच्या गाडीवरून सांगतोय. २०२१ मध्ये कितीतरी महिने माझी गाडी किराणा आणि औषधं यापलीकडे गेलीच नाही. एका सकाळी पट्टी काढली तर ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर. पट्टी नाकाशी धरली. ऑईलला एरवी एक जड, भाजल्यासारखा वास असतो. त्यात रॉकेलसारखा उग्र वास मिसळला होता. बोटांच्या चिमटीत थेंब चोळला तर बुळबुळीत लागायच्या ऐवजी पाण्यासारखा पातळ. फिटरला म्हटलं, काढलेलं ऑईल ड्रममध्ये ओतण्याआधी मापात ओत. मागच्या वेळी बरोबर पाच लिटर घातलं होतं. निघालं साडेपाच. अर्धा लिटर डिझेल माझ्या इंजिनाच्या बेअरिंगांना वंगण म्हणून फिरत होतं. त्या दिवसापासून मी किलोमीटरवर भिस्त ठेवणं सोडलं.

पातळ झालेल्या ऑईलचा थर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये टिकत नाही. आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑईलच्याच पातळ थरावर तरंगत. इंजिन घरघरायला लागेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पातळी फारच वाढली तर आणखी एक धोका असतो, विरळा पण भयंकर. ऑईल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेच्या वाटेत खेचलं जातं, इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं आणि किल्ली फिरवून बंद केलं तरी फिरत राहतं. म्हणून कोणी म्हणालं की वरचं जास्तीचं ऑईल सिरिंजने काढून टाका, झालं, तर ऐकू नका. खाली उरेल तेही मिसळलेलंच आहे.

आता किलोमीटर.

मॅन्युअल पुन्हा उघडा. १०,००० च्या पुढे ‘किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं सापडेल. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांना हेच आहे, काहींना १५,००० आणि एक वर्ष. कमी चालणाऱ्या गाडीसाठी तो ‘किंवा’च खरा नियम असतो. तुम्ही दोन महिने आधीच ओलांडलेत. वॉरंटी चालू असेल तर हे त्या दृष्टीनेही बरं नाही, तेव्हा बिल जपून ठेवा. त्याच पानाच्या आसपास, कधी मागच्या पानावर, आणखी एक तक्ता असतो तो फारसं कोणी वाचत नाही: कठीण परिस्थितीतल्या वापरासाठीचा. थोड्या अंतराच्या फेऱ्या, सतत थांबत-चालत जाणं, धूळ, बराच वेळ जागेवर इंजिन चालू ठेवणं, घाट. आपल्याला वाटतं कठीण म्हणजे लडाख. पण कोथरूड ते शाळा ही त्या तक्त्यातली पहिली ओळ आहे. तिथे बऱ्याच गाड्यांसाठी मुदत निम्मी दिलेली असते, ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने.

निम्मी का, हे तुमच्याच आकड्यांत दिसतं. सरासरी वेग १७ म्हणजे ६,८०० किलोमीटर जायला तुमचं इंजिन ४०० तास चाललं. तुमच्याच मॉडेलची दुसरी गाडी रोज पुणे-कोल्हापूर करत असेल आणि तिचा सरासरी वेग ६० असेल, तर तिचे १०,००० किलोमीटर १६७ तासांत होतात. म्हणजे तुमच्या ऑईलने तिच्या दुपटीहून जास्त वेळ काम केलंय, आणि तेही थंड इंजिनात. हो, थंडच. चार किलोमीटरमध्ये डॅशबोर्डवरचा काटा मधोमध येतो म्हणून आपल्याला वाटतं इंजिन तापलं. तो काटा पाण्याचा असतो. ऑईल त्याच्या बरंच मागून तापतं. ते नीट तापायच्या आत तुम्ही इंजिन बंद करता, त्यामुळे आत जमलेली वाफ उडून जात नाही, ओल राहते आणि ती आम्लाला मदत करते. पावसाळ्यात गाडी अशी महिनोन् महिने चालवलीत तर ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर आतून पिवळट, दुधाळ थर दिसू शकतो. तो याच ओलीचा असतो. तसा थर दिसला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे, लगेच दाखवा.

म्हणून माझं उत्तर: सध्याच्या वापरात तुम्ही दर सहा महिन्यांनी किंवा ५,००० किलोमीटरला बदला. तुमचे पाच हजार काही सहा महिन्यांत होणार नाहीत, तेव्हा कॅलेंडरच धरा. एक जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, आणि एक डिसेंबरला, असं ठरवलं तर लक्षात राहतं. आणि सहा महिन्यांच्या आत पातळी पुन्हा वरच्या खुणेपर्यंत गेली तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नका.

म्हणजे आप्पांचा आकडा बरोबर निघाला, फक्त कारण वेगळं आहे. त्यांच्या काळी डिझेलमध्ये गंधक खूप असायचं. बीएस-२ ला दहा लाख भागांत ५०० भाग, बीएस-४ ला ५०, आणि आता बीएस-६ ला फक्त १०. गंधकाचं आम्ल व्हायचं आणि साधं मिनरल ऑईल ते पाच हजारांपलीकडे पचवू शकायचं नाही. आजचं डिझेल स्वच्छ आहे, आजचं सिंथेटिक ऑईलही कितीतरी टिकाऊ आहे. हायवेवर चालणाऱ्या गाडीला पाच हजाराला ऑईल बदलणं म्हणजे चांगलं ऑईल फेकून देणं होईल. तुमची गाडी हायवेवर चालत नाही, एवढंच.

भाऊही खोटं सांगत नाहीये. जर्मनीत काही कंपन्यांची लाँगलाईफ म्हणून व्यवस्था आहे, ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी त्या कंपनीने मान्य केलेलं खास ऑईल लागतं, आणि गाडी स्वतः वापर मोजून, गरज पडली तर आधीच बदलायला सांगते. ती मुदत लांब पल्ल्याच्या गाडीला मिळते. तिकडे रोज शाळेच्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीलाही ती मिळत नाही. त्याला हे सांगा, पटेल.

दुसरा प्रश्न कुठलं ऑईल. माझ्या मते किलोमीटरपेक्षा यात लोक जास्त फसतात. डब्यावर ५ डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून कुठलंही ५ डब्ल्यू-३० घालू नका. तो आकडा फक्त जाड-पातळपणाचा आहे. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ऑईलमधल्या रसायनांतून आलेली राख डीपीएफच्या जाळीत कायमची बसते आणि कितीही रीजेन झालं तरी निघत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं मानक) असं लिहून पुढे सी २, सी ३, सी ५ असं काहीतरी असतं. हा ‘सी’ कमी राखेचा. उदाहरणार्थ सी ३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. त्याऐवजी ए३/बी४ लिहिलेलं असेल तर त्यात राख दीड टक्क्याच्याही पुढे जाऊ शकते. ते जुन्या डिझेलला उत्तम होतं, तुमच्या गाडीला नको. कुठला सी आणि किती जाडीचं हे तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलंय. तेच घ्या, त्याहून ‘भारी’ कुणी सुचवलं तरी.

एक अनुभव सांगतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत एका गॅरेजने ट्रक-टेम्पोचं १५ डब्ल्यू-४० घातलं होतं. डिझेल ते डिझेल, असं म्हणून. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑईल’. त्याने विचारलंही नाही. सहा महिन्यांनी नाना पेठेत फिल्टर घ्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता आम्हाला कळलं. नुकसान लगेच दिसत नाही हीच यातली वाईट गोष्ट. जाळी भरत जाते, दिवा लवकर लवकर लागतो, आणि बदलायची वेळ आली की खर्च ऑईलच्या कित्येक पट. तेव्हा ऑईल बदलताना समोर उभ्या राहा. डबा सीलबंद आहे का, मागे काय छापलंय, ते वाचा. मोठ्या ड्रममधून पिस्तुलाने भरत असतील तर ग्रेड आणि एसीईए दोन्ही बिलावर लिहून मागा. चिडले तरी चालेल.

समोर उभ्या आहातच तर आणखी थोडं. इंजिन कोमट असताना काढायला सांगा, गार असताना काजळी तळाला बसते. ड्रेन नटचा वॉशर नवाच लागतो, किंमत अगदी किरकोळ, पण जुना घातला तर महिन्याभरात पार्किंगच्या फरशीवर डाग. फिल्टर प्रत्येक वेळी बदलायचा, एक आड एक नव्हे. फ्लशिंग म्हणून बाटली ओतायला निघाले तर नको म्हणा. तुमच्या गाडीला तिची गरज नाही आणि त्यातलं थोडं आतच राहतं.

नवं ऑईल आठ-पंधरा दिवसांत काळं होईल. घाबरू नका. डिझेलमधलं ऑईल काजळी धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. नुसत्या रंगावरून काही ठरवू नका. पातळी आणि वास बघा. दर दोन आठवड्यांनी, सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबल्यावर. पट्टी एकदा पांढऱ्या सुती फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. इमारतीच्या उतारावर उभ्या गाडीची पातळी चुकीची दिसते, त्यामुळे पार्किंगमधली एकच जागा ठरवून टाका.

आणि गाडीला जरा पळवा. दर आठवड्याला जमलं तर उत्तम, नाहीतर पंधरा दिवसांतून एकदा. रविवारी पहाटे सहाला चांदणी चौकातून हायवेला लागा, वारज्यावरून, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत, आणि परत. गाडी तापल्यावर वीस-पंचवीस मिनिटं ६० च्या पुढे सलग चालली, एक गिअर खालचा ठेवून इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवलं, की रीजेन बहुधा एका दमात होतं. येताना बोगद्यानंतरच्या नवले पुलाच्या उतारावर मात्र गाडी गिअरमध्येच ठेवा. तो उतार किती जीवघेणा आहे हे पुणेकरांना मी सांगायला नको.

शहरात रीजेन चालू आहे हे ओळखताही येतं. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे वर, मायलेजचा आकडा अचानक खाली, बंद केल्यावरही पंखा जोरात चालू, एक गरम वास. घराशी पोचल्यावर असं वाटलं तर बंद करू नका, दहा मिनिटं पौड रोडला एक चक्कर मारून या. वाळक्या गवतावर तेव्हा गाडी लावू नका, खालचा पाईप भयंकर तापलेला असतो.

असं दोन-तीन महिने केल्यावर पातळी स्थिर राहिली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा सहा महिन्यांचं वर्षावर नेता येईल. जोरकस पळवूनही वाढतच राहिली, तर डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असू शकतो, तो तपासून घ्यावा लागेल. आणि पुढची गाडी घ्याल तेव्हा वापर हाच राहणार असेल, तर डिझेल घेऊ नका. हे आत्ता ऐकायला आवडणार नाही, पण शाळेच्या फेऱ्यांना पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक बरी.

आप्पांना स्वतः ऑईल बदलायची हौस असेल तर जरूर करू द्या, वॉरंटी संपली असेल तर. फक्त काढलेलं ऑईल रिकाम्या डब्यांत भरून, जास्तीचं होईल त्याला एखादा जुना कॅन घेऊन, ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते उचलणारे येतात. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. गटारात ओतलं तर नाल्यातून थेट मुठेत जातं. आणि डब्यांत भरताना ते एकदा मापात ओतून बघायला त्यांना सांगा. मॅन्युअलमध्ये किती लिटर लिहिलंय आणि निघालं किती, ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या पत्रात मला कळवा.